सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही थकवा का जात नव्हता

२०२३ च्या गणेशोत्सवानंतर मला जो थकवा सुरू झाला, तो बऱ्याच अंशी जायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. या काळात कोणत्या तपासण्या झाल्या, किती पैसे लागले, कोणत्या औषधाने काय झाले आणि स्वयंपाकघरात काय बदलले, याची मी एका वहीत नोंद ठेवत गेले. शाळेतल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणी आज त्याच वाटेवर आहेत आणि प्रत्येकीला तेच प्रश्न पडलेले दिसतात, म्हणून त्या नोंदी क्रमाने लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही. साताऱ्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, वय ४३, घर पूर्ण शाकाहारी. पुढे औषधांची जी मात्रा येईल, ती माझे रिपोर्ट पाहून मला दिलेली होती; ती कोणी जशीच्या तशी उचलू नये.

सुरुवातीला थकव्याला कारणे हाताशी होतीच. गौरी-गणपतीची कामे, सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका, घरात सासूबाईंचे पथ्य, मुलाची अकरावी. पण दिवाळीची सुट्टी लागली, कामे सरली, रोज आठ तास झोप मिळू लागली, तरी सकाळी उठताना अंग तसेच जड. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मधल्या वळणावर कठड्याला धरून उभे राहावे लागे. फळ्यावर लिहिताना दंड भरून येत. रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर अजिंक्यताऱ्यावर चढून जाण्याचा अनेक वर्षांचा क्रम होता, तो आपोआप सुटला. रात्री पोटऱ्यांत अशी काही अस्वस्थता येई की पाय सारखे हलवावेसे वाटत. केस मूठभर गळत होते, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडत होत्या आणि तिखट खाल्ले की जिभेची आग होई. शिवाय तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकण्याची आणि फ्रिजमधला बर्फ चावण्याची विलक्षण ओढ लागली होती. लोहाच्या कमतरतेत अशी ओढ लागते, हे पुढे डॉक्टरांनी स्वतःहून विचारले तेव्हा कळले.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मी जवळच्या दवाखान्यात गेले. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), थायरॉइडची टीएसएच आणि उपाशीपोटी साखर अशा तपासण्या लिहून मिळाल्या; तिन्ही मिळून साडेसातशे रुपये. हिमोग्लोबिन १२.१ आले, टीएसएच २.९, साखर ९२. स्त्रियांसाठी हिमोग्लोबिनची सीमा १२ धरतात, त्यामुळे कागदावर ते नॉर्मलच होते. डॉक्टरांनी सांगितले की काळजीसारखे काही नाही, या वयात असे होते, ताण कमी करा, आणि एक टॉनिक लिहून दिले. मी ते महिनाभर नियमित घेतले. एकशे ऐंशी रुपयांच्या दोन बाटल्या संपल्या. फरक पडला नाही.

त्या रिपोर्टमध्ये एक आकडा मात्र ठळक छापलेला होता आणि त्याबद्दल कोणी काही बोलले नव्हते. आरडीडब्ल्यू १७.६, सर्वसाधारण मर्यादा साडेचौदापर्यंत. तांबड्या पेशींच्या आकारांत किती तफावत आहे, हे हा आकडा सांगतो. पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ८७ होते, म्हणजे अगदी मधोमध. लोह कमी असले की तांबड्या पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी असले की मोठ्या होतात. दोन्ही एकाच वेळी कमी असतील, तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी बरोबर मध्यावर येते आणि रिपोर्ट निर्दोष दिसतो. वर्गात सरासरी शिकवताना मी नेहमी सांगते की सरासरीवरून विखुरणे कळत नाही. इथे विखुरणे मोजणारा आकडा त्याच कागदावर होता. ज्यांच्याकडे अशी ‘नॉर्मल’ सीबीसी पडून असेल, त्यांनी ती पुन्हा काढून हा एक आकडा पाहावा आणि तो वाढलेला असेल तर डॉक्टरांना तसे थेट विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही.

डिसेंबरमध्ये पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मोजे घातले नसतानाही घातल्यासारखे वाटे. तेव्हा ह्यांनी पोवई नाक्याजवळच्या एका फिजिशियनची वेळ घेतली. वेळ मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची, १० जानेवारी २०२४ ची. तपासणी फी सहाशे रुपये. मधल्या काळात नात्यातल्या एका बाईंनी शक्तिवर्धक पावडरचा एक डबा आणून दिला होता, किंमत दोन हजार चारशे. त्यावरचा तक्ता मी वाचला. चाळीसएक घटक होते आणि लोहाचे प्रमाण एका वाटी उसळीतून मिळेल त्याहून जास्त नव्हते. शिवाय तपासणीच्या तोंडावर कोणताही पूरक घेतला की रक्तातले आकडे बदलतात आणि मूळ स्थिती झाकली जाते. डबा न फोडता परत केला. हे सांगण्याचे कारण एवढेच की थकलेल्या माणसाला असा डबा फार मोहात पाडतो आणि देणाऱ्याचा हेतू चांगला असल्याने नाही म्हणणे जड जाते. ‘रक्त तपासून झाले की बघू’ हे उत्तर कोणाला लागत नाही.

फिजिशियननी जवळजवळ अर्धा तास दिला. पाळी किती दिवस चालते, पॅड किती वेळाने बदलावे लागते, गाठी पडतात का, चहा किती आणि कधी, दूध-दही किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आम्लपित्तासाठी मी तीन वर्षे रोज सकाळी पँटोप्रॅझोल घेत होते. अन्नातले बी-१२ सुटे होण्यासाठी जठरातले आम्ल लागते आणि लोह शोषले जाण्यासाठीही आम्लाची मदत होते. ही गोळी दीर्घकाळ घेतली की दोन्ही कमी पडू शकतात, असे त्यांनी समजावले. मग डोळ्याची खालची पापणी, जीभ आणि नखे पाहिली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक नादकाटा टेबलावर वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. डोळे मिटून, कंप थांबला की सांगायचे होते. मी ‘थांबला’ म्हटले आणि त्यांनी तोच काटा माझ्या मनगटावर ठेवला, तिथे तो चांगला थरथरत होता. मी ज्या साधनाने आठवीच्या मुलांना ध्वनी शिकवते, त्याने माझ्याच पायांच्या नसा मंदावल्या असल्याचे दाखवले. त्या क्षणी मला भीती वाटली, आणि खरे सांगायचे तर बरेही वाटले, कारण चार महिन्यांत पहिल्यांदा थकवा माझ्या मनाबाहेर कुठेतरी दिसला होता.

“मॅडम, आज एकही गोळी सुरू करायची नाही. आधी रक्त द्या, मग बोलू,” असे सांगून त्यांनी तपासण्या लिहिल्या: पुन्हा सीबीसी, शरीरात साठलेले लोह सांगणारे फेरिटिन, बी-१२, २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व, दाह दाखवणारी सीआरपी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि गव्हाची असहिष्णुता पाहणारी टीटीजी. केसांसाठी मी बायोटिनच्या गोळ्या घेत होते, त्या दोन दिवस आधी बंद करायला सांगितले, कारण मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडसह काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात. सीआरपी का, हेही विचारले. शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

खर्चाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. या सगळ्यांचे मिळून चार हजार सहाशे रुपये झाले. त्यात ड जीवनसत्त्व तेराशे, टीटीजी अकराशे, बी-१२ नऊशे आणि फेरिटिन सहाशे, उरलेले बाकीच्यांचे. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत ‘संपूर्ण शरीर तपासणी’ नावाचे पॅकेज पंधराशेत होते आणि त्यात साठ-सत्तर चाचण्या होत्या, पण यादी वाचल्यावर त्यात फेरिटिन नव्हते. होते ते सीरम आयर्न, जे दिवसाच्या वेळेनुसार आणि आदल्या दिवशीच्या गोळीनुसारही खालीवर होते. शरीराच्या कोठारातले लोह फेरिटिन सांगते. तेव्हा पॅकेज घेण्याआधी यादीत हा एक शब्द आहे का, ते पाहावे. ज्यांना खासगी तपासणीचा खर्च झेपत नाही, त्यांनी जिल्हा रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जरूर विचारावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. माझा खर्च मात्र कुठूनच भरून मिळाला नाही. आरोग्य विम्यात बाह्यरुग्ण तपासण्या बसत नव्हत्या, आणि शाळेच्या कार्यालयात भाऊसाहेबांनीही हीच माहिती दिली की वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या ठरलेल्या आजारांत हे येत नाही.

रिपोर्ट तीन दिवसांनी आले. हिमोग्लोबिन ११.७, फेरिटिन ७, बी-१२ १४८, ड जीवनसत्त्व १४. सीआरपी, क्रिएटिनिन आणि टीटीजी व्यवस्थित. फेरिटिन १५ च्या खाली गेले की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार कोठार रिकामे मानतात, बी-१२ साधारण २०० च्या खाली कमतरता समजली जाते आणि ड जीवनसत्त्वासाठी ती सीमा २० आहे. तिन्ही आकडे सीमेच्या खाली.

हे काही माझ्या एकटीचे दुखणे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचे बी-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण आणखी जास्त होते. दर सोमवारी मी मुलींना शासनाच्या लोहाच्या निळ्या गोळ्या वाटते, समोर उभी राहून गिळायला लावते. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. त्या मुलींच्या आयांना, आणि वाटणाऱ्या शिक्षिकांना, कोण तपासते, हा प्रश्न मला त्या आठवड्यात फार टोचला आणि अजूनही टोचतो.

उपचार १५ जानेवारीला सुरू झाले. बी-१२ ची इंजेक्शने पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, नंतर महिन्याला एक. औषध आणि टोचण्याचे मिळून प्रत्येक वेळी शंभराच्या आसपास लागत. लोहाच्या बहुतेक गोळ्यांत फॉलिक ॲसिड असते आणि बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी आतून चालूच राहते. म्हणून बी-१२ आधी आणि लोह दुसऱ्या दिवसापासून, असा क्रम डॉक्टरांनी ठरवला. ज्यांना पायांत मुंग्या येतात त्यांनी स्वतःच्या मनाने दुकानातून लोह-फॉलिकची पट्टी आणून सुरू करू नये, ते याचसाठी.

लोहाची गोळी फेरस ॲस्कॉर्बेटची, १०० मिलिग्रॅमची, तीही एक दिवसाआड. रोज घेतली तर लवकर भरून येईल असे मला वाटत होते. त्यावर त्यांनी सांगितले की लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवते. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर हे मोजून पाहिले आहे. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून शोषणाचे प्रमाण जास्त मिळाले. शिवाय पोटाचा त्रासही कमी होतो. मी गोळी सकाळी साडेसहाला उपाशीपोटी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा आठनंतर. शौचाचा रंग काळा होतो, याची आधीच कल्पना दिलेली असल्याने घाबरले नाही. बद्धकोष्ठ मात्र झाले. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि गरज पडली तर इसबगोल यांवर ते निभावले. गोळ्या सोसल्या नसत्या तर शिरेतून लोह देण्याचा पर्याय होता, पण त्याला एका वेळी काही हजार रुपये आणि अर्धा दिवस रुग्णालयात थांबणे, म्हणून तो राखून ठेवला.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, रात्री जेवणानंतर दुधातून. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर शोषले जाते. आठ आठवड्यांनी थांबायचेच, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर अधोरेखित करून दिले होते. ओळखीत कितीतरी जण ही पुडी वर्षानुवर्षे दर रविवारी घेतात; हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना धोका होतो.

फेब्रुवारीत मी रजा घेतली. मार्चमधली दहावीची परीक्षा तोंडावर असताना रजा मागणे मला अतिशय अवघड गेले, पण तीन तास सलग उभे राहणे शक्य नव्हते. वैद्यकीय कारणासाठी परिवर्तित रजा मिळते. जितके दिवस घ्याल त्याच्या दुप्पट दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून वजा होतात आणि वेतन पूर्ण मिळते. सेवापुस्तकात आपली अर्धवेतनी रजा किती शिल्लक आहे, ते आधी पाहून घ्यावे. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि त्यावर आजाराचे नाव, विश्रांतीचा कालावधी, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे सगळे हवे. माझ्या प्रमाणपत्रावरचा शिक्का पुसट उठल्याने क्रमांक वाचता येत नव्हता, तेवढ्यासाठी ते परत आले आणि पुन्हा दवाखान्यात जाऊन बसावे लागले. रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट द्यावे लागते. ते शेवटच्या भेटीतच मागून ठेवले तर वेगळी फेरी वाचते. सगळ्या कागदांच्या छायाप्रतींवर कार्यालयाची पोच घ्यावी. वर्ग सहकाऱ्यांनी वाटून घेतले, मुख्याध्यापकांनी एका शब्दानेही दुखावले नाही, याचे ऋण मनात आहे.

त्याच महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, कारण फिजिशियनचे म्हणणे होते की गळती थांबवल्याशिवाय टाकी भरून उपयोग नाही. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असते. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव झाला तर तो अति मानतात. म्हणजे ३२ मिलिग्रॅम लोह दर महिन्याला जाते, रोजचे एक मिलिग्रॅम. आणि शाकाहारी जेवणातून दिवसाला शोषले जाणारे लोहही जेमतेम तेवढेच, त्यात शरीराची इतर झीज वेगळी. हे गणित मी वहीत मांडले आणि नुसत्या पालकाच्या भाजीने का भागत नव्हते ते समजले. सोनोग्राफीत, अकराशे रुपये, गर्भाशयात एक लहान गाठ दिसली. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. जास्त स्रावाच्या दिवसांत घेण्यासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या आणि मार्चच्या पाळीपासूनच स्राव निम्म्यावर आला. पॅड दर दोन तासांनी बदलणे हे ‘आमच्या घरात सगळ्यांचेच असे’ म्हणून सोडून देऊ नये, ही विनंती मी प्रत्येकीला करीन.

पित्ताची गोळी एकदम बंद केली तर आम्ल उसळते, म्हणून ती सहा आठवड्यांत हळूहळू सोडवली. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि संध्याकाळचा चहा बंद, यावर ती पुन्हा लागली नाही.

आता आहाराविषयी. सर्वांत मोठा फरक पदार्थांनी नव्हे, चहाच्या वेळेने पडला, असे मला वाटते. शाळेत मधल्या सुट्टीत डबा संपताच मामा चहाचे ग्लास घेऊन येतात आणि घरी नाश्त्याबरोबर चहा असतोच. जेवणाबरोबरचा चहा त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. तासाभराने घेतला तर परिणाम बराच कमी होतो. मामांना सांगून माझा चहा शेवटच्या तासाआधीवर नेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत स्त्रियांसाठी रोजचे लोह २९ मिलिग्रॅम आणि पुरुषांसाठी १९ मिलिग्रॅम धरले आहे. त्या मापाने पाहू गेले तर १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम, पालकात ३ पेक्षाही कमी आणि त्यातलेही नीट शोषले जात नाही. म्हणून थंडीत बाजरीची भाकरी, डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ आणि खाण्याआधी त्यावर पिळलेले अर्धे लिंबू, असा क्रम बसवला. मोड आणल्याने कडधान्यातले लोह अडवून ठेवणारे घटक कमी होतात आणि लिंबाने शोषण वाढते. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून ओले खोबरे आणि गूळ घालून सासूबाईंनी लाडू केले, ते आठवड्याला थोडे थोडे. भाजीची कढई लोखंडाची झाली. आंबट चुका किंवा टोमॅटो घातलेली भाजी तिच्यात शिजली की थोडे लोह भाजीत उतरते, मात्र शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते आणि चव बिघडते.

बी-१२ चा प्रश्न असा सुटत नाही. ते वनस्पतींत नसते. स्पिरुलिनासारख्या शेवाळात जे सापडते ते माणसाच्या शरीराला बहुतांशी निरुपयोगी असते. आमच्या घरात अंडे येत नाही आणि ते बदलावे असे मला वाटलेही नाही. तेव्हा उरते दूध आणि दही. एका पेल्यात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि गरज रोजची दोन-अडीच. चहात घातलेले चार चमचे दूध हिशोबात धरू नये. मी दुपारी वाटीभर दही आणि रात्री पेलाभर दूध सुरू केले, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर. हे कमतरता पुन्हा होऊ नये म्हणून. १४८ वरून वर येण्यासाठी औषधच लागते.

सासूबाईंना सुरुवातीला हे सगळे पटत नव्हते. “आम्ही दहा माणसांचे केले, कधी गोळी घेतली नाही,” असे त्या म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते. त्या गेली अकरा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात आणि त्यांच्याही पायांना बधिरता होती, जी सगळ्यांनी साखरेच्या नावावर टाकली होती. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकते, हे फिजिशियनकडूनच कळल्यावर त्यांचीही तपासणी केली. १६२ आले. आता आम्हा दोघींच्या गोळ्या एकाच डबीत असतात.

सुधारणा एका वेगाने झाली नाही. जिभेची आग आणि तोंडाच्या चिरा दोन आठवड्यांत गेल्या, बर्फाची ओढ तर त्याहून आधी. मार्चमध्ये पायऱ्या न थांबता चढता आल्या. पण एप्रिल-मे मध्ये पुन्हा चार-चार दिवस अंग गळून जाई आणि सगळे व्यर्थ गेल्यासारखे वाटे. एका संध्याकाळी मी डॉक्टरांसमोर रडले. त्यांनी एप्रिलचा रिपोर्ट समोर ठेवला: हिमोग्लोबिन १२.९, पण फेरिटिन फक्त १९. रक्त भरून आले होते, कोठार अजून नाही. हिमोग्लोबिन सुधारताच गोळ्या सोडल्या तर काही महिन्यांत माणूस मूळपदावर येतो, त्यानंतरही किमान तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. त्याच भेटीत त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली, ती इथे नोंदवते. आकडे सुधारूनही थकवा तसाच राहिला, किंवा वजन उतरणे, बारीक ताप, रात्रीचा घाम, झोपेत घोरून श्वास अडकणे, कशातच मन न लागणे यांतले काही असेल, तर पुढचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो आणि तिथे गोळ्या वाढवत राहण्यात अर्थ नसतो.

ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन १३.१, फेरिटिन ३४, ड जीवनसत्त्व ३१. बी-१२ चा आकडा इंजेक्शनांमुळे सातशेच्या वर गेला होता. उपचार चालू असताना त्यावरून फारसे कळत नाही, म्हणून लक्षणांवरच भर दिला. मुंग्या सर्वांत उशिरा, दसऱ्याच्या सुमारास, कमी झाल्या आणि डाव्या अंगठ्याच्या टोकाला थोडी बधिरता आजही आहे. नसा हळू भरतात आणि उशीर झाला तर सगळ्या भरतातच असे नाही.

जानेवारी २०२५ मध्ये फेरिटिन ५२ आले आणि लोहाची गोळी थांबली. आता बी-१२ ची १५०० मायक्रोग्रॅमची गोळी आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्याचे महिने सोडून महिन्याला ड जीवनसत्त्वाची एक पुडी, आणि पाळीच्या दिवसांतल्या गोळ्या लागतील तशा. सगळा मिळून खर्च महिन्याला दीडशे रुपयांच्या आत. पुढची तपासणी जुलैमध्ये आहे, सीबीसी आणि फेरिटिन एवढीच. प्रयोगशाळा पहिलीच ठेवणार आहे, कारण ठिकाण बदलले की पद्धत बदलते आणि जुन्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत लावले आहेत आणि वरच्या पानावर चार रकाने आखून आकडे उतरवले आहेत, म्हणजे डॉक्टरांना पाने चाळत बसावे लागत नाही.